होळीत जाणारा फळा

मुलांनो,

तुम्ही दोघांनी मागे फोनवर विचारलंत, "आजी, आजोबांचं एक कार्टून पाठव ना, फ्रेम करून लावू." मी "बघते" म्हटलं. तुम्हाला वाटलं असेल, आजीचं घर, म्हणजे पाच मिनिटांचं काम. मलाही तसंच वाटलं होतं. तुमच्या आईचं पहिलीचं प्रगतिपुस्तक, विजेची जुनी बिलं, पितळी डब्याचं हरवलेल्या किल्लीचं कुलूप, सगळं इथे जागच्या जागी आहे. आजोबांचं चित्र मात्र मिळालं नाही. एकही नाही. जन्मभर चित्रं काढून लोकांना हसवणाऱ्या माणसाच्या घरात त्याच्या हातचं काहीच नाही, हे मला तुमच्या फोनमुळे कळलं.

मग मी शोधायला लागले. हे सगळं आत्ताच लिहायला बसले त्याचं कारण असं, की समोरचे गिरणीवाले भाऊ गेल्या रविवारी नाशिकला मुलाकडे राहायला गेले. तुम्ही लहानपणी त्यांच्या पिठाच्या गिरणीत जाऊन पांढरे होऊन यायचात, ते. आजोबांची खरी चांगली चित्रं कोणती, हे सांगू शकणारी या आळीत दोनच माणसं उरली होती. त्यातले ते एक. दुसरी मी, आणि मी तर ती चित्रं लागायची तेव्हा घरात पुरण वाटत असायची. भाऊंनी जाण्याआधी जे सांगितलं ते ताजं आहे तोवर लिहून ठेवते. नाहीतर तुमच्यासाठी आजोबा म्हणजे पासपोर्टसाठी काढलेला तो एक फोटो, ज्यात ते कोणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखे दिसतात.

त्यांना चित्रकलेची पदवी होती, पण ते म्हणायचे की आपण शिकलो सातपाटीला. त्यांचा आजोळचा गाव तिथून जवळ. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, डागडुजी होते, नारळी पौर्णिमेच्या आधी रंग देतात. कॉलेजात असताना ते सुट्टीत होड्यांवर नावं आणि देव रंगवायचे. एका होडीचा मालक फार मोठ्याने बोलायचा. त्याच्या होडीच्या मागच्या अंगाला यांनी एक खेकडा काढला आणि त्याला हुबेहूब मालकाच्या मिशा लावल्या. सगळ्या बंदराला कळलं, मालकाला कळलं नाही. कळलं तेव्हा तो यांना शोधत आला. हे पळायच्या तयारीत. तो म्हणाला, "पोरा, पुढल्या वर्षी मिशी जरा जाड काढ. लांबून दिसत नाय."

पुढल्या वर्षी होडीला नवा रंग लागला आणि जुना खेकडा गेला. जाड मिशीचा खेकडाही त्याच्या पुढल्या वर्षी गेला.

आमची ओळख पालघरच्या शाळेत झाली. मी मुंबईहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पहिलीच नोकरी. हे चित्रकलेचे मास्तर. शिक्षकांच्या खोलीत एक लहान फळा होता, कोणी रजेवर असलं तर त्यांचा तास कोणी घ्यायचा हे त्यावर लिहीत. हे सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याच्या कोपऱ्यात काहीतरी काढून ठेवायचे. मी रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांनी हेडमास्तरांची छत्री काढली होती. हेडमास्तरांच्या हातातली नव्हे, हेडमास्तर म्हणजेच छत्री. तालुक्याहून कोणी साहेब आला की उघडायची, एरवी कोपऱ्यात उभी. मी इतकी हसले की मला खोकला लागला. मग घंटा व्हायच्या आत त्यांनी ते पुसलं.

मी म्हटलं, "अहो, पुसता कशाला? कागदावर काढा. जपून ठेवता येईल."

"बाई," ते म्हणाले, "थट्टा ताजीच खायची असते. ती काय बोंबील आहे, वाळवून ठेवायला?"

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की त्याचा मला राग यायला लागला. मला गोष्टी ठेवायला आवडतात. त्यांना पुसायला आवडायच्या. या एका बाबतीत आमचं कधी जमलं नाही, आणि त्यांचं काम होतंही तसंच, आपोआप पुसलं जाणारं. शाळा सुटल्यावर ते एका साप्ताहिकासाठी चौकट काढायचे. पालघर जिल्हा झाला तेव्हा त्यांनी काढलेली चौकट मला अजून आठवते. एक गृहस्थ, आयुष्यभर प्रत्येक दाखल्यासाठी पहाटे उठून ठाण्याला गेलेला. आता कचेरी घराजवळ आली, तरी सवयीने पहाटेच डबा घेऊन निघालाय आणि नव्या कचेरीच्या पायरीवर अंधारात डबा उघडून बसलाय. शेजारी एक कुत्रा, त्याच्याकडे अशा नजरेने बघतोय की हा आपल्यापेक्षाही आधी कसा आला. त्या चौकटी मी कापून एका फाईलमध्ये चिकटवत असे. तुमचा फोन आल्यावर पहिली तीच फाईल काढली. वाळवीने आतलं सगळं खाल्लं होतं. पुठ्ठा आणि त्यावरचं मी चिकटवलेलं लेबल तेवढं तिने ठेवलं होतं. साप्ताहिक तर कधीच बंद पडलं. मूळ चित्रं कोणी परत देत नसे आणि हे मागत नसत.

विनोदी भाषणांचंही तसंच. ते बोलायला उभे राहिले की पालघर-बोईसरकडे लोक जेवण आटोपून सतरंजी घेऊन यायचे. लग्नांतही बोलवायचे, पण तिथे वरमाईची फार थट्टा करायची नाही असं आधीच बजावून. एक कॅसेट मिळाली. बोईसरच्या एका दुकानदाराने ती फोनवर घालून दिली. ज्याने ती भरली तो गृहस्थ रेकॉर्डर मांडीवर घेऊन बसला असावा, कारण पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त त्याचं हसणं ऐकू येतं. मध्ये कुठेतरी लांबून आजोबांचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. मी ती दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकताना त्या अनोळखी माणसाचा मला हेवा वाटला.

मग मी रिक्षा करून बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत गेले. शाळेतून निवृत्त झाल्यावर एका रसायनांच्या कारखान्याने त्यांना सुरक्षिततेची चित्रं काढायला बोलावलं होतं. पत्र्यावर रंगवायची, फाटकाशी आणि आत टांगायची. हातमोजे घाला, चष्मा लावा, असलं. कंपनीला हवी होती गंभीर चित्रं. यांनी एक कामगार काढला, त्याने डोळ्यांचा चष्मा कपाळावर चढवलाय आणि खाली हिंदीत लिहिलं, "माथा सुरक्षित है।" साहेबांना आवडलं नाही. कामगारांना आवडलं. साहेबांच्या लक्षात आलं की लोक आत जाताना त्या चित्राकडे बघून चष्मा खाली ओढतायत, तेव्हा त्यांनाही आवडलं. मग तो कपाळावर चष्म्याचा कामगार सगळीकडे दिसू लागला. उत्तर प्रदेशातून आलेली मंडळी त्याला चाचा म्हणायची.

फाटकावर आता दुसरी कंपनी आहे. म्हातारा वॉचमन खुर्चीवरून उठला.

"माताजी, किससे मिलना है?"

मी सांगितलं की मला कोणाला भेटायचं नाही, पत्र्यावरची चित्रं बघायची आहेत.

"वो? वो तो कब का उतार दिया। अब सब फ्लेक्स है।" मग त्याने आपला चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघून हसला. "चाचा थे यहाँ। आप कौन लगती हो उनकी?"

मी म्हटलं, मी त्यांच्या ओळखीची. परत येताना रिक्षात वाटलं, बरोबरच उत्तर दिलं.

तेव्हा राहिला होळीचा फळा. त्याबद्दल तुमची आई तुम्हाला थोडं बोलली असेल, पण ती लग्न करून गेली आणि मग होळीला कधी इथे नसायची.

आमच्या पाम गावाच्या बाजूला प्रत्येक आळीची आपली होळी. आमच्या आळीत रिवाज असा, की होळीच्या दिवशी सकाळी खळ्याच्या कडेला एक फळा उभा करायचा. चिकूच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेला, चुन्याने रंगवलेला. त्यावर कोळशाने आणि गेरूने आळीतल्याच माणसांची थट्टा. आधी कोणीतरी नुसतं दोन ओळी लिहायचं. आजोबा इथे राहायला आल्यापासून चित्रं सुरू झाली. दिवसभर लोक येऊन बघणार, हसणार, भांडणार, आणि दिवेलागणीनंतर होळी पेटली की फळा होळीत. ज्याचं चित्र असेल त्याने होळीत पहिला नारळ टाकायचा, म्हणजे राग गेला. मोबाईल फोन आले तेव्हा फोटोही कोणाला काढू दिले नाहीत. ते म्हणायचे, गल्लीतली थट्टा गल्लीबाहेर गेली की तिची बदनामी होते.

त्यांचं सगळ्यांत चांगलं काम त्या फळ्यावर झालं, असं ते स्वतः म्हणायचे. आणि मी तो फळा कधी नीट बघितला नाही. सणाच्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघर, पाहुणे, नैवेद्य. संध्याकाळी नारळ घेऊन बाहेर पडेपर्यंत अंधार झालेला आणि फळा ज्वाळांत. मला घरी आवाज यायचा, खळ्यावरून हसण्याचा. त्यावरून मी ओळखायची की यंदाचं जमलंय.

म्हणून मी भाऊंकडे गेले. त्यांचं सामान बांधायला सुरुवात झाली होती, होळी दोन आठवड्यांवर. गिरणी त्यांनी आधीच बंद केली होती, पण सवयीने रोज सकाळी शटर वर करून आत स्टुलावर बसायचे.

"भाऊ, फळ्यावरचं काय काय आठवतं ते सांगा. मला मुलांना लिहायचंय."

"आता आठवण आली काय वहिनी? सगळी वर्षं तर आमाला पुरणपोळी पाठवत होता, स्वतः येत नवता."

मग ते सांगू लागले. त्यांना दुपारी पिठाच्या गोणीवर एका कुशीवर झोपायची सवय होती. उठले की अर्धी मिशी पांढरी. फळ्यावर चित्र आलं, भाऊ अर्धे म्हातारे आणि अर्धे जवान, आणि समोर दोन मुली स्थळ बघायला आलेल्या, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने. भाऊंना ते इतकं आवडलं की त्यांनी डहाणूहून पाहुणे बोलावले बघायला. पाहुणे पोचले दुसऱ्या दिवशी, धुळवडीला. खळ्यावर राख. भाऊंनी त्यांना राख दाखवली आणि हातवारे करून चित्र सांगितलं.

"पुढल्या वर्षी मी मास्तरांना बोललो, तेच परत काढा. पाहुण्यांना खोटं वाटलं. तर मास्तर म्हणाले, शिळी थट्टा मी वाढत नाय."

सातपाटीहून दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशीची आठवणही त्यांनीच सांगितली. ती काही आमच्या आळीची नव्हे, पण रोजची. तिच्या टोपलीमागे आळीतली सगळी मांजरं बाजाराच्या पिशव्या घेऊन रांगेत, असं चित्र होतं. ती फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आजोबांना म्हणाली, "ए मास्तर, मला एवढी बारीक काय काढलीस? लोक बोलतील धंदा बसला!" आजोबांनी तिथेच कोळसा घेऊन तिला जाड केली, ती "अजून, अजून" करत राहिली, आणि शेवटी मांजरांना जागा उरली नाही.

मी विचारायची, "हे कोणत्या वर्षी?"

"वर्ष कशाला पायजे? थट्टेला काय पगार चालू करायचाय?"

पण एका फळ्याची मलाही आठवण होती, कारण तो आमच्या अंगणापर्यंत आला. भाऊंची बायको थंडीत वारली होती. आजोबांनी त्या वर्षी भाऊंना फळ्यावर घेतलं नाही. घरात दुःख आहे, माणसाला जरा सोडावं, असा साधा विचार. मलाही तो योग्य वाटला. होळीच्या संध्याकाळी भाऊ नारळ हातात घेऊन आमच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"मास्तर, हा कोणाच्या नावाने टाकू?"

आजोबा म्हणाले, "भाऊ, यंदा जरा... म्हटलं, तुमच्या घरात..."

"बायको गेली माझी. मी नाय गेलो." त्यांचा आवाज फाटला होता. "दोन महिने झाले, आळीत कोण माझ्याशी धड बोलत नाय. जो तो हळू बोलतो. म्हटलं, फळ्यावर तरी मी असेन. तिथे पण नाय. मी काय मेलो काय?"

आजोबांनी आत जाऊन चुलीतला एक कोळसा घेतला, भाऊंना हाताला धरून खळ्यावर नेलं. होळी पेटायला थोडाच वेळ होता. काय काढलं ते मला माहीत नव्हतं, इतकी वर्षं माहीत नव्हतं. आता गिरणीत बसून मी विचारलं.

"मी भाकरी भाजतोय," भाऊ म्हणाले. "आणि भाकरीचा नकाशा झालाय. आणि गिरणीवाल्याच्या घरात पिठाचं काय करायचं ते कोणाला ठावं नाय, असं. सगळी हसली. मी पण हसलो. मग दुसऱ्या दिवसापासून बाया भाकरी शिकवायला यायला लागल्या. चिडवत होत्या, पण येत होत्या." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "वहिनी, तुमी पण आला होता. तुमी मोजून पाणी घालायला सांगितलं. वाटीने."

शेवटच्या काही वर्षांत फळा अवघड होत गेला. आळीत माणसंच राहिली नाहीत. कोणी विरारला, कोणी पुण्याला, कोणी तुमच्यासारखं पार पलीकडे. घरं बंद, किंवा कारखान्यातल्या परप्रांतीय कामगारांना भाड्याने दिलेली. आजोबा होळीच्या आदल्या संध्याकाळी आळीतून चक्कर मारून यायचे आणि ओटीवर बसायचे.

"कोणाला काढू?" ते मला विचारायचे. "चिमटा काढायला गाल जवळ लागतो. मंत्र्यांना काढायला पेपरवाले आहेत. मी कोणाला काढू, कुलपांना?"

आणि त्यांनी तेच केलं. त्यांच्या शेवटच्या फळ्यावर नुसती कुलपं होती. एक चष्मेवालं कुलूप, एक फुगलेल्या गालाचं, एक नथ घातलेलं, एक तोंड वाकडं करून बसलेलं. बंद घरातल्या प्रत्येक माणसाचं तोंड त्याच्या कुलपाला. भाऊ सांगत होते की लोक आले, एकेक ओळखत गेले. हा अमक्या वाडीतला, ही तमकी. त्या संध्याकाळी आजोबा घरी आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं की दिवसभर खळ्यावरून आवाज आला नाही. मी विचारलं, "कसा झाला?"

"चांगला झाला," ते म्हणाले. "कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मोजलं."

त्या पावसाळ्यात ते गेले. पुढच्या होळीला फळा लागला नाही. कोणी विषय काढला नाही. बायका माझ्या दारावरून जाताना हळू बोलत. पूर्वी मला चिडवायच्या, "बाई, तुमच्या चिकूंची पण हजेरी घेता का?" आता कोणी चिडवेना. पोळ्यांचं ताट दारात ठेवून "घ्या हं बाई" म्हणून निघून जात. सगळ्यांचं वागणं अगदी चांगलं होतं. ते इतकं चांगलं होतं की एखाद्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं एक वाक्यही बोलून होत नसे. मग तुमचा रविवारचा फोन आला की मी उगाच लांबवायची, तुमच्या तिथलं हवामान विचारत बसायची. ते तुम्हाला कंटाळवाणं होत असणार, मला कळायचं.

असं दोन आठवडे मी रोज सकाळी गिरणीत जात होते. भाऊ सांगत, मी लिहीत असे, मग आमचं भांडण होई. मी म्हणे मांजरं पाच होती, ते म्हणत आळीतली सगळी. एकदा ते चिडलेच.

"लिवून नाय कळायचं हे! लिवलं की हसू सुकतं. काढून दाखवायला पायजे."

"मग काढा," मी म्हटलं.

"माझा हात बैलाचा हाय."

होळीच्या सकाळी मी पुरण शिजायला ठेवत होते. एकटीसाठी पुरण कशाला, पण सवय. खळ्यावरून आवाज आला. आधी वाटलं भांडण. मग ओळखलं, तो हसण्याचा आवाज होता. मी गॅस बंद केला आणि हात तसाच पदराला पुसत बाहेर गेले.

फळा उभा होता. चिकूच्या खोक्यांचा. चुना अजून ओला, त्यावर कोळसा फाकलेला. इतकं वाईट चित्र मी जन्मात पाहिलं नाही. एक काठीसारखी बाई, डोक्यावर डोक्याहून मोठा अंबाडा, नाकावर दोन चाकं, म्हणजे चष्मा. तिच्या एका हातात डिंकाची बाटली आणि दुसऱ्या हातात कागदाच्या चिठ्ठ्या. आणि फळ्यावर जे जे होतं त्याला तिने चिठ्ठी लावलेली. माडाला "माड". विहिरीला "विहीर". मांजराला "मांजर", आणि मांजर घाबरलेलं. कोपऱ्यात अर्ध्या मिशीचा एक माणूस पळतोय आणि त्याच्या पाठीवर चिठ्ठी, "शेजारी, उजवीकडचा".

आळीतली म्हातारी माणसं माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली. मला बघून गप्प व्हायची त्यांना सवय झाली होती. पण पुढे उभी होती ती आमच्या शेजारच्या घरातली भाडेकरू, बिहारची. सामायिक नळावर मी हिंदीत चिठ्ठी चिकटवली आहे, नळ बंद करा म्हणून, ती रोज बघते. तिने फळ्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे, आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटली.

"माताजी, ये तो आप हो! नलवाली!"

मग सगळेच हसले. भाऊ फळ्याशेजारी काठी घेऊन उभे होते, कोणी फोन वर केला की काठी दाखवायचे. मी जवळ गेले आणि म्हटलं, "भाऊ, माझा अंबाडा एवढा मोठा नाही."

"अंबाडा नाय तो. तुमचा राग हाय, वर बांधून ठेवलेला."

"आणि तुम्ही माझ्या उजवीकडे नाही राहत. समोर राहता."

"बगा! बगा!" ते सगळ्यांना म्हणाले. "मी बोललो होतो, येऊन चूक काढणार!"

मला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा कोणी हळू बोललं नाही. मासेवाली मावशी सातपाटीहून आली होती, ती मागून ओरडली, "बाई, हसून काय होते? नारळ कुठंय? रिवाज हाय!" नारळ मी आणला नव्हता. जन्मात पहिल्यांदा फळ्यावर आले होते, माझ्या ध्यानातच नव्हतं. घरी जाऊन देवापुढचा नारळ घेऊन आले. नलवालीचा नारळ, असं ती भाडेकरू दिवेलागणीपर्यंत प्रत्येकाला सांगत होती.

होळी पेटली. भाऊंनी आणि बाकीच्यांनी फळा उचलून आत घातला. चुना ओला होता म्हणून आधी नुसता धूर आला. मग पेटला.

पुढल्या रविवारी भाऊंचा मुलगा गाडी घेऊन आला. भाऊ गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "वहिनी, लिवलेलं वाचून दाखवा कधी फोनवर. चुका काढीन." गाडी गेल्यावर मी गिरणीच्या बंद शटरसमोर थोडा वेळ उभी होते. आळीत आता समोरचा दिवा लागत नाही. संध्याकाळी आमच्या ओटीवर पूर्वीपेक्षा लवकर अंधार होतो.

भाडेकरीण काल नळावर भेटली. तिने विचारलं, पुढल्या होळीला तिच्या नवऱ्याला काढता येईल का. तो रात्रपाळीहून येऊन उभ्या उभ्या झोपतो. मी विचारलं, कोण काढणार? ती म्हणाली, काढेल कोणीतरी, चांगलं कुठे लागतं.

तुम्हाला फ्रेम करायला पाठवावं असं माझ्याकडे काही नाही. होड्या रंगून गेल्या, चौकटी वाळवीने खाल्ल्या, पत्रे उतरवले, फळे जळाले. आजोबांच्या हातचं काही शिल्लक नाही. आमच्या आळीत होळीच्या सकाळी फळा लावायचा आणि त्यावर जवळच्या माणसाला काढायचं, एवढा रिवाज शिल्लक आहे. यंदा तो पाळला गेला.